शिंका आणि आत या

कंपनी एवढी मोठी होती की पाचव्या इमारतीत काय बनतं हे तिसऱ्या इमारतीतल्या लोकांना जाहिरातीतून कळायचं. फोन बनायचे, पंखे बनायचे, फोनचं ऐकणारे पंखे बनायचे, आणि गेल्या वर्षापासून फोनला उलट उत्तरं देणारे पंखेही बनायला लागले होते. यातली कुठलीही वस्तू विकत घ्या, खोक्याच्या तळाशी एक गुलाबी चिठ्ठी सापडायचीच. तिच्यावर दोन शब्द, 'तपासलं आहे', आणि खाली एक सही. ती सही तिसऱ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, गुणवत्ता विभागात बसणाऱ्या बाईंची होती. अख्खी कंपनी त्यांना नाहीबाई म्हणायची.

हे नाव एकोणीस वर्षं राबून मिळवलेलं होतं. बटण दोनदा दाबावं लागतंय? नाही. पातं थोडंसंच हलतंय? नाही. विक्री विभागाने एकदा खोक्यावर 'जगात सर्वोत्तम' छापलं, तेव्हा बाईंनी "बाकीचे सगळे बघून आलात?" एवढंच विचारलं होतं आणि चार हजार खोकी परत फिरली होती. घरी मात्र बाईंच्या नकाराला काडीची किंमत नव्हती. नवरा भूगोल शिकवायचा, त्यामुळे बायकोचा शब्द कितपत दूर ठेवायचा याचा त्याला अंदाज होता.

सहा महिन्यांपूर्वी कंपनीने नवं धोरण आणलं, 'शून्य दोष'. ते अमलात आणायची जबाबदारी धोरणप्रमुखांवर आली. हे गृहस्थ प्रत्येक वाक्याची सुरुवात "दिशा बघा" अशी करायचे, म्हणून त्यांना दिशासाहेब म्हणत. सगळ्यांना वाटलं, शून्य दोष म्हणजे पाच-सात वर्षांचं काम. दिशासाहेबांनी ते एका दुपारी उरकलं. कंपनीच्या कॉम्प्युटरमधून त्यांनी 'दोष' हा शब्दच काढून टाकला आणि तिथे 'संधी' हा शब्द घातला.

"दिशा बघा," ते म्हणाले, "दोष म्हटलं की माणूस खचतो. संधी म्हटलं की उठून बसतो."

तेव्हापासून बाईंच्या अर्जात तीनच प्रकार उरले. किरकोळ संधी, गंभीर संधी आणि जीवघेणी संधी. पंखा छतावरून निखळून माणसाच्या डोक्यात पडला, तर त्या माणसाला जीवघेणी संधी मिळाली असं लिहावं लागे. तळमजल्यावरच्या मोठ्या पाटीवर दोषांच्या रकान्यात भलामोठा शून्य झळकला. त्याच्याखाली केक कापला गेला आणि तो कापताना सुरीची मूठ निघाली. ती संधी कोणी नोंदवली नाही.

तर, त्या आठवड्यात कंपनी बोलकं कुलूप बाजारात आणणार होती. किल्ली नाही, आकडे नाहीत. मालकाने दाराशी उभं राहून बोलायचं, कुलूप आवाज ओळखणार आणि गोड आवाजात म्हणणार, "या, वाट बघत होते." शुक्रवारी चार वाजता सत्तर हजार कुलपं ट्रकमधून निघायची होती. गुलाबी चिठ्ठ्या आगाऊच छापून खोक्यात पडल्या होत्या. बाईंची मंजुरी तेवढी बाकी होती आणि ती धरूनच चालले होते सगळे.

एक कुलूप बाईंनी पारखायला म्हणून स्वतःच्या दाराला लावलं होतं. सोमवारी दुपारी त्या जरा लवकर घरी आल्या, तर स्वयंपाकघरात धाकटे दीर ऐसपैस बसून काकडी खात होते.

"भाऊजी! तुम्ही आत कसे आलात?"

"दारातून, वहिनी. खिडकीतून चढणं आता झेपत नाही."

"दाराला कुलूप होतं."

"होतं की. मी बेल मारली, कोणी नाही. परत जाणार, तेवढ्यात मला शिंक आली. तर कुलूप म्हणालं, या, वाट बघत होते." भाऊजींनी काकडीला मीठ लावलं. "खरं सांगतो, या घरात इतक्या मायेने मला कधी कोणी बोलावलं नव्हतं."

बाईंनी त्यांना काकडीसकट बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "शिंका."

"अहो, अशी सांगून येते होय शिंक?"

बाईंनी मिऱ्याची पूड आणली. पुढच्या पाऊण तासात भाऊजींच्या अक्षरशः नाकी नऊ आले. नऊ शिंका, आणि नऊही वेळा कुलपाने त्यांना प्रेमाने आत बोलावलं. दहाव्या वेळी भाऊजींनी हात जोडले. "वहिनी, मी पुढच्या वेळी फोन करून येईन. पण हे थांबवा."

मंगळवारी बाईंनी ऑफिसात रीतसर चाचणी घेतली. मदतीला होते मापकाका. निवृत्तीला आठ महिने राहिलेला हा माणूस स्वतःच्या चहाचा कपही मोजपट्टी लावून भरायचा. काकांनी चाळीस माणसं रांगेत उभी केली, प्रत्येकाला चिमूटभर मिरपूड दिली आणि पाटीवर खुणा केल्या. खोटं खोटं शिंकलं तर कुलूप ढिम्म हलत नव्हतं. खरी शिंक आली की चाळीसपैकी चाळीस वेळा उघडत होतं.

"म्हणजे फसवणूक त्याला चालत नाही," मापकाका म्हणाले. "प्रामाणिक चोरच लागतो."

हे झालं कसं, तेही दुपारपर्यंत कळलं. मालकाला सर्दी झाली, आवाज बसला, तर कुलपाने त्याला बाहेर ठेवू नये, म्हणून कुलूप बनवणाऱ्यांनी त्याला दोन हजार माणसांच्या शिंका ऐकवल्या होत्या आणि सांगितलं होतं, ही सगळी घरचीच माणसं. कुलूप आज्ञाधारक निघालं. शिंकतो तो घरचा, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

बाई अर्ज भरायला बसल्या. प्रकार: गंभीर संधी. संधीचं वर्णन: खरोखर शिंकणाऱ्या कोणालाही दार उघडतं. पुढे एक नवाच रकाना आला होता, 'या संधीचा लाभ कोणाला होईल?' तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'चोर'.

मग मंजुरीचा अर्ज उघडला. तिथे एकोणीस वर्षं त्या ज्यावर बोट ठेवत आल्या होत्या ते 'नाही' गायब होतं. दोन बटणं होती. एकावर 'होय' आणि दुसऱ्यावर 'लवकरच होय'. बाईंनी दुसरं दाबून पाहिलं. पाच मिनिटांनी कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, "झालं का?"

त्या तडक दिशासाहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, 'नाही' कुठे गेलं?"

"दिशा बघा, बाई. नकाराने कोणाचं भलं झालंय?"

"घराचं झालंय. दार असतं ना, ते बहुतेक वेळा नकारच देत असतं. त्यासाठीच लोक ते बसवतात."

"शिंकेचं ऐकलं मी. दिशा बघा, किती लोक शिंकतात?"

"सगळे."

"रोज?"

"चोराला एकदाच शिंकायचंय, साहेब."

दिशासाहेबांनी सुस्कारा सोडला. "शुक्रवारी तीन वाजता अध्यक्ष मॅडमसमोर बैठक आहे. चारला ट्रक. तोवर तुमचं उत्तर आलं नाही, तर यंत्रणा होय धरून चालेल. म्हणजे तुम्हाला त्रासच नाही. काही करू नका."

"आणि खोक्यात चिठ्ठी माझ्या सहीची?"

"सुंदर सही आहे हो तुमची."

बाई जागेवर येऊन बसल्या. सत्तर हजार घरं. प्रत्येक घरात खोक्याच्या तळाशी त्यांचं नाव, आणि दाराबाहेर कोणीतरी मिरपूड घेऊन उभा. आपण न तपासलेल्या वस्तूवर सही गेली, असं एकोणीस वर्षांत घडलं नव्हतं. इथे तर तपासून, नापास करून जाणार होती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही, आणि मापकाकांनी तशी नोंद केली.

बुधवारी सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि बाई आत जायच्या थांबल्या. आरशावर चकचकीत पोस्टर लावलं होतं. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक हसरी बाई, नाक वर केलेलं, आणि खाली ठळक अक्षरांत:

हात भरलेत? काळजी कशाला! शिंका आणि आत या!

विक्रीप्रमुख लिफ्टमध्येच उभे होते. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बाई! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडून विकण्यासारखं काही आलं!"

"माझ्याकडून? मी तक्रार केली होती!"

"अशी तक्रार रोज करा. कालपासून नऊ हजार नोंदण्या!"

दुसरा मजला आला तरी बाई उतरल्या नाहीत, आणि चौथ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर उलगडा झाला. 'संधी' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होता आणि तो विक्री विभागाचा होता. कोण काय विकत घेईल, कुठे माल खपेल, असली सगळी टिपणं त्या नावाच्या कप्प्यात जात. दिशासाहेबांनी दोषाचं बारसं नव्याने केलं, पण त्याला राहायला वेगळी खोली द्यायची विसरले. सहा महिने बाईंचा प्रत्येक दोष थेट विक्रीवाल्यांच्या मांडीवर जाऊन पडत होता, आणि हे लोक इतक्या संधी येताहेत म्हणून हरखून गेले होते.

"तरीच!" बाई म्हणाल्या. "आपोआप बंद पडणारा रेडिओ..."

"'कानांना विश्रांती देणारा'. जाहिरात तुफान चालली!"

"अहो, पण मी लिहिलंय ना त्यात, लाभ चोरांना होईल म्हणून!"

"वाचलं. त्यावर बाजार पाहणीचे लोक बसलेत. ग्राहकगट इतका नेमका लिहिणारे फार कमी, बाई."

घरी आल्यावर बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. तो वह्या तपासत होता. त्याने लाल पेन खाली ठेवलं आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "मीही एक नोंदवलंय. आईसाठी. तिचे हात दुखतात ना."

"शिंकेने उघडणारं कुलूप? तुमच्या आईला?"

"तिला सर्दी असतेच."

गुरुवारी बाजार पाहणीतून फोन आला. बाई बैठकीत होत्या, तो मापकाकांनी घेतला.

"चोरांबद्दल थोडी माहिती हवी होती," पलीकडची मुलगी म्हणाली. "साधारण वयोगट काय धरायचा?"

"धावता येईल तोपर्यंत," काका म्हणाले.

"खरेदी स्वतः करतात की घरच्यांना विचारून?"

"खरेदी हा त्यांचा प्रांत नाही."

"पण आमची वस्तू वापरतील ना?"

"रोज. सुट्टीच्या दिवशी जास्त."

तिने मनापासून आभार मानले.

आणि शुक्रवार उजाडला. नवव्या मजल्यावरच्या लांबलचक टेबलाभोवती बारा माणसं बसली होती. टोकाला अध्यक्ष मॅडम. कंपनी त्यांनी एका गाळ्यात दोन टेबलांवर सुरू केली होती, आणि अजूनही बैठकीला येताना पिशवीतून स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर आणायच्या. एका बाजूला चौकटीसकट एक दार उभं केलं होतं, त्याला बोलकं कुलूप. दिशासाहेबांनी दारासमोर घसा खाकरून "मी आलोय" म्हटलं, कुलूप "या, वाट बघत होते" म्हणालं, टाळ्या झाल्या. या कुलपाला फक्त त्यांचाच आवाज ओळखीचा आहे, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मग भिंतीवर बाजार पाहणीचा तक्ता आला.

प्रमुख लाभार्थी: चोर. वाढीचा वेग: उत्तम. निष्ठा: एकदा आले की पुन्हा येतात.

अकरा माणसांनी मान डोलावली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे 'चोर' म्हणजे काय? कशाचं लघुरूप आहे?"

दिशासाहेबांनी तो तक्ता आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. पण माहीत नाही म्हणायची दिशा त्यांना ठाऊक नव्हती.

"चोखंदळ रहिवासी, मॅडम."

"नाही," भिंतीजवळच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "चोर म्हणजे चोर. घरफोडे. आता फोडायचीही गरज नाही."

विक्रीप्रमुख घाईघाईने म्हणाले, "मॅडम, आपल्या धंद्यात विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा, असं पुष्कळदा असतं."

"कुठे माशी शिंकली ते मला कोणी सरळ सांगेल का?"

"माशी नाही," मापकाका नम्रपणे म्हणाले. "बाईंचे दीर."

बाईंनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तीन पस्तीस. "दाखवा," त्या म्हणाल्या.

काकांनी मिरपुडीची पुडी काढली. बाईंनी मोठी चिमूट घेऊन नाकाला लावली आणि डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही. काकांनी लावली. काही नाही. चार दिवस दोघं मिऱ्यांतच वावरत होते. त्यांच्या नाकांनी केव्हाच हात टेकले होते.

"हाऽक् छी!" दिशासाहेब आवाज बदलून दाराकडे तोंड करून ओरडले. कुलूप गप्प. "बघा! अभेद्य!"

"ही खोटी आहे, साहेब. ओळखतं ते."

तीन एकेचाळीस. बाईंनी रुमालाच्या टोकाची वात करून नाकात घातली. खिडकीतून सूर्याकडे पाहिलं. अख्खं संचालक मंडळ श्वास रोखून त्यांच्या नाकाकडे बघत होतं. नाक लाल झालं, थरथरलं, आणि परत शांत झालं. विक्रीप्रमुखांनी हसू लपवायला फाइल तोंडापुढे धरली.

"इकडे द्या ती पुडी," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पुडी उघडली, वास घेतला, आणि त्यांच्या तोंडून बारीक, सभ्य, मांजरीच्या पिल्लाला शोभेलशी शिंक बाहेर पडली.

"या, वाट बघत होते," कुलूप म्हणालं आणि दार सताड उघडलं.

पुडी मॅडमच्या हातून टेबलावर सांडली होती. वरचा एसी जोरात होता. पुढची पाच मिनिटं त्या खोलीत कंपनीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं एवढं एकमत झालं. वित्तप्रमुख शिंकले. मनुष्यबळ शिंकलं. दिशासाहेब खरे शिंकले, तीनदा, आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य "दिशा बघा" ने सुरू झालं नाही. दार आपोआप लागायचं आणि पुन्हा उघडायचं. कुलूप एकेकाला मायेने आत बोलावत होतं, आणि शिंकता शिंकता मॅडम हसायला लागल्या ते त्यांना थांबताच येईना.

"बंद... बंद करा हे! ट्रक थांबवा!"

"यंत्रणेत 'थांबवा' नाही, मॅडम," दिशासाहेब डोळे पुसत म्हणाले. "'लवकरच होय' आहे."

तीन त्रेपन्न. बाई उठल्या. लिफ्ट तळाला होती. त्या जिन्याने निघाल्या, चपला हातात घेऊन, नऊ मजले, दोन-दोन पायऱ्या एकदम. मागून मापकाका मजले मोजत येत होते आणि त्यांच्यामागून विक्रीप्रमुख, शिंक दाबत आणि "बाई, नऊ हजार नोंदण्या! बाई!" असं ओरडत.

मालाच्या फाटकाशी पहिला ट्रक अर्धा बाहेर निघाला होता. बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. चालकाने खिडकीतून कागद हलवला.

"बाजूला व्हा, ताई. कागदावर 'होय' आहे. चार वाजता आपोआप आलंय."

"ते मी म्हटलेलं नाही."

"सही तुमचीच आहे ना आत?"

"म्हणूनच उभी आहे इथे."

"मला कागद कळतो, ताई. माणसं नाही कळत." त्याने इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात विक्रीप्रमुख धापा टाकत ट्रकच्या मागच्या बाजूला पोचले, आधारासाठी त्यांनी फळीला हात टेकला, आणि नवव्या मजल्यापासून दाबून धरलेली शिंक तिथे सुटली. विक्रीच्या माणसाची शिंक, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी.

ट्रकमध्ये साडेतीन हजार कुलपं होती, बॅटऱ्या घालून तयार. "या," ट्रक म्हणाला. "या, या, या, वाट बघत होते, बघत होते, होते, होते..."

चालकाने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि ट्रकपासून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"आत किती बायका आहेत?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"साडेतीन हजार," मापकाका म्हणाले.

"मी हा ट्रक चालवणार नाही."

मागच्या चालकांनीही ऐकलं होतं. एकोणीस ट्रकांची इंजिनं एकामागून एक बंद झाली. बाई फाटकातच खाली बसल्या, चपला मांडीवर. आता त्यांनाही हसू येत होतं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मॅडम लिफ्टने आल्या. रुमाल नाकाला, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी एक खोकं उघडलं, तळाची गुलाबी चिठ्ठी काढून बाईंना दिली आणि कुलपाची बॅटरी उपसली. मग दुसरं उघडलं. दिशासाहेब काही बोलायला पुढे झाले, तर मॅडमनी त्यांच्याही हातात खोकं दिलं.

"दुरुस्तीला किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"तीन आठवडे. शिंका काढून टाकायच्या, पुन्हा सगळं शिकवायचं, मग तपासायचं."

"मॅडम," विक्रीप्रमुख मध्ये पडले, "दोन दिवसांत होण्यासारखं आहे. मी आमच्या लोकांशी बोललोय. नऊ हजार माणसं वाट बघताहेत. सोमवारी माल गेलाच पाहिजे."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पर्समधून पेन काढलं, चिठ्ठीवरचं आपलं नाव नीट खोडलं आणि चिठ्ठी पेनासकट विक्रीप्रमुखांपुढे धरली.

"पाठवा की," त्या म्हणाल्या. "इथे तुमची सही करा."

विक्रीप्रमुखांनी चिठ्ठी पाहिली. 'तपासलं आहे' हे दोन शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पूर्ण वाचले. मग ट्रककडे वळून त्यांनी दोन्ही बगलांत दोन दोन खोकी मारली आणि मुकाट्याने गोदामाची वाट धरली.